प्रोग्रॅमिंगमध्ये काय शिकावे: भाषेच्या नावाआधीचा प्रश्न

विचारणा थोडक्यात अशी आहे. पायथॉन बऱ्यापैकी येते, जावास्क्रिप्टमध्ये एकदोन छोटी संकेतस्थळे करून झाली आहेत. आता पुढे काय शिकावे, म्हणजे नोकरी तर मिळेलच, पण त्या कामात पुढची दहा-पंधरा वर्षे मनही रमेल? कोणी रस्ट ही भाषा शिकायला सांगतो, कोणी क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर), कोणी मशीन लर्निंग. आणि कोड जर यंत्रच लिहून देणार असेल तर शिकण्यात अर्थ तरी काय उरला, अशी शंकाही सोबत आहे. माझी बरीच वर्षे सर्व्हर आणि डेटाबेस यांच्या कामात गेली असून नव्याने रुजू झालेल्यांचा कोड तपासण्याची जबाबदारीही माझ्याकडे असते. त्यामुळे उत्तरात त्या बाजूचा कल दिसेल, तो गृहीत धरून वाचावे.

भाषेच्या नावापासून विचार सुरू केला की निवड बहुधा फसते, असे माझे मत आहे. प्रोग्रॅमरच्या दिवसातला फार थोडा वेळ कोऱ्या फाइलमध्ये नवा कोड लिहिण्यात जातो. उरलेला वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात, चालायला हवे ते का चालत नाही हे शोधण्यात आणि आपल्या बदलामुळे आणखी काही मोडणार नाही याची खात्री करून घेण्यात जातो. हे शोधकाम सगळीकडे असते, पण बिघाडाची जात क्षेत्रागणिक बदलते. म्हणून आधी स्वतःला असे विचारावे की कोणत्या जातीच्या बिघाडामागे आपण तासन्‌तास बसू शकतो आणि कोणत्या बिघाडाने आपले डोके उठते. त्याचे उत्तर मिळाले की भाषा आणि साधने यांची निवड बरीचशी होऊनच जाते, कारण प्रत्येक क्षेत्रात कोणती साधने चालतात हे बहुतांशी ठरलेले असते.

फ्रंटएंडचे, म्हणजे वापरकर्त्याला पडद्यावर दिसणाऱ्या भागाचे, बिघाड डोळ्यांना दिसतात. एका ब्राउझरमध्ये नीट असलेले बटण दुसऱ्यात मजकुराखाली जाते, माउस न वापरता केवळ कीबोर्डवर काम करणाऱ्याला मेन्यू उघडताच येत नाही, घाईत दोनदा दाबल्यामुळे एकच फॉर्म दोनदा पाठवला जातो. बदल केला की परिणाम क्षणात पडद्यावर येतो, ही या कामातली मोठी गंमत आहे. पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टीवर मात्र प्रत्येकाचे मत असते आणि ती मते ऐकून घेण्याची तयारी लागते. बॅकएंडमध्ये, म्हणजे मागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागात, दिसायला काहीच नसते. शेवटची एक जागा शिल्लक असताना दोन ग्राहकांनी एकाच क्षणी ती आरक्षित केली, दोन्ही विनंत्यांनी ‘जागा आहे का’ हे आधी तपासले, दोघींना ‘आहे’ असे उत्तर मिळाले आणि दोघींनी नोंद केली, असा प्रसंग आपल्या मशीनवर शंभरदा चालवूनही घडत नाही आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या ग्राहकांसाठी चालणाऱ्या व्यवस्थेत, गर्दीच्या वेळी घडतो. लॉगमधल्या (प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदींमधल्या) वेळा जुळवत, घटनांचा क्रम डोक्यात मांडत तो शोधावा लागतो. ज्यांना कोडी सोडवायला आवडतात त्यांना हे काम धरून ठेवते.

डेटा आणि मशीन लर्निंग यांतली अडचण आणखी निराळी, आणि नव्या लोकांना तिची कल्पना क्वचितच असते. तिथे प्रोग्राम थांबत नाही, चूक झाल्याचा संदेश येत नाही, फक्त उत्तर चुकीचे असते. एका फाइलमध्ये तारीख दिवस-महिना अशी आणि दुसरीत महिना-दिवस अशी असली, तर १२ तारखेपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या नोंदी मुकाट्याने चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदींवर, नशीब असेल तर, प्रोग्राम अडतो. मॉडेलच्या चाचणीसाठी राखून ठेवलेल्या नोंदींपैकी काही प्रशिक्षणाच्या नोंदींत मिसळल्या गेल्या की अचूकता थक्क करणारी दिसते, आणि ती तशी दिसते म्हणून कोणी तपासतही नाही. या क्षेत्रात चांगल्या निकालाकडे संशयाने पाहण्याचा स्वभाव लागतो; संख्याशास्त्र शिकता येते, पण तो स्वभाव नसेल तर शिकलेले संख्याशास्त्र कपाटात राहते.

एम्बेडेड कामात, म्हणजे उपकरणांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांसाठी लिहिताना, काही किलोबाइट मेमरीत सगळे बसवायचे असते आणि बिघाड वेळेच्या गणितात लपलेला असतो. तो शोधायला एक प्रिंटची ओळ टाकावी तर त्या ओळीमुळे वेळ बदलतो आणि बिघाडच नाहीसा होतो. क्लाउड आणि इन्फ्रास्ट्रक्चरच्या कामात मुदत संपलेली सुरक्षा-सर्टिफिकेटे, लॉगने भरलेल्या डिस्का आणि रात्री वाजणारा ऑन-कॉलचा फोन हे नित्याचे आहे. शांत डोक्याची माणसे तिथे फार मानाने राहतात, बाकीची दोन वर्षांत कंटाळतात.

आता टिकाऊपणाचा मुद्दा. शिकलेले किती वर्षे उपयोगी पडेल हे सांगता येत नाही, असे लोक म्हणतात. मला ते अर्धेच पटते. काय जुने होते याचा इतिहास बऱ्यापैकी स्पष्ट आहे. वेबवरची खेळ आणि ॲनिमेशनची दुनिया एके काळी ब्राउझरला जोडाव्या लागणाऱ्या फ्लॅश या प्रोग्रामवर चालत असे. अडोबीने २०१७ मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार (दुरुस्त्या आणि नव्या आवृत्त्या देणे) संपला. मायक्रोसॉफ्टचे त्याच प्रकारचे सिल्व्हरलाइट २००७ मध्ये आले आणि २०२१ मध्ये त्याचा आधार संपला. अँग्युलरजेएस हे वेबसाठीचे फ्रेमवर्क (ज्यावर कोड उभारायचा तो तयार सांगाडा) २०१० मध्ये आले, २०१६ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्तीने आधीची घडी पूर्ण मोडली आणि २०२१ च्या अखेरीस मूळ रूपाचा आधार काढून घेतला गेला. याउलट एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (डेटा एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत मांडण्याची पद्धत) मांडले ते १९७० मध्ये, त्यावर आयबीएममध्ये एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा घडली ती १९७४ च्या सुमारास, १९८६ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले आणि आजही जगातला बहुतेक व्यवहारी डेटा तिच्याच प्रश्नांना उत्तरे देतो. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९६९ मधली, सी भाषा त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतली. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने टीसीपी/आयपी हे नेटवर्कचे नियम स्वीकारले १ जानेवारी १९८३ रोजी. त्या मानाने कोडमधले बदल नोंदवून ठेवणारे गिट अगदी अलीकडचे, २००५ चे, पण तेही आता मुरले आहे.

या यादीवरून ‘जुने तेवढे शिका’ असा निष्कर्ष काढू नये. पडद्याच्या जवळचा थर लवकर बदलतो आणि डेटा, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम यांचा थर सावकाश बदलतो, एवढाच तिचा अर्थ आहे. लवकर बदलणारा थर शिकल्याशिवाय नोकरी मिळत नाही, म्हणून तो शिकावाच, पण कामापुरता. फ्लॅश गेले तेव्हा त्यातले मेन्यू आणि टाइमलाइन पाठ असलेल्यांची अडचण झाली; ज्यांनी त्यातली ॲक्शनस्क्रिप्ट ही भाषा समजून घेतली होती, त्यांना जावास्क्रिप्टकडे वळणे त्या मानाने सोपे गेले, कारण दोन्ही एकाच ईसीएमएस्क्रिप्ट प्रमाणावर आधारलेल्या होत्या. पायथॉनच्या बाबतीतही हेच घडले. आवृत्ती ३ ही २००८ मध्ये आली आणि आवृत्ती २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. मधल्या काळात सर्वांत जास्त त्रास झाला तो मजकूर आणि बाइट यांतला फरक ज्यांना कधी कळलाच नव्हता त्यांना. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते आणि ‘कि’ हे एक दिसणारे अक्षर प्रत्यक्षात दोन चिन्हे असतात, हे ज्याला माहीत आहे त्याला हा फरक कोणत्याही भाषेत समजावून सांगावा लागत नाही.

खोलवर शिकणे म्हणजे काय, हे मोघम राहू नये म्हणून एक उदाहरण देतो. एका पानावर १०० ऑर्डरी आणि प्रत्येकीसमोर ग्राहकाचे नाव दाखवायचे आहे. पायथॉनमधल्या जँगोसारख्या फ्रेमवर्कमध्ये ऑर्डरी मागवायच्या, त्यांवर लूप चालवायचा आणि प्रत्येक ऑर्डरीच्या ग्राहकाचे नाव छापायचे, असा कोड पाच मिनिटांत होतो आणि वाचायलाही सुंदर दिसतो. पडद्यामागे मात्र ऑर्डरींसाठी एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) जाते आणि मग प्रत्येक ग्राहकासाठी एकेक, म्हणजे एकूण १०१. आपल्या मशीनवर पाच ऑर्डरी असतात, डेटाबेसही तिथेच असतो, म्हणून काही जाणवत नाही. प्रॉडक्शनमध्ये डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असतो, प्रत्येक फेरीला ५ मिलिसेकंद धरले तरी अर्धा सेकंद केवळ ये-जा करण्यात जातो, आणि हजार वापरकर्ते एकदम आले की सगळेच अडते. ज्याने फक्त फ्रेमवर्क शिकले आहे तो इथे मोठा सर्व्हर मागतो. ज्याला एसक्यूएल येते तो लॉगमधल्या क्वेऱ्या पाहतो, एकाच साच्याची शंभर वाक्ये ओळीने दिसताच काय झाले ते ओळखतो आणि जॉइन (दोन टेबले जोडण्याची सोय) वापरून ते काम एकाच क्वेरीत करतो. त्याच्या पुढची पायरी अशी की क्वेरी एकच आहे, तरीही मंद आहे. एक्स्प्लेन ही क्वेरी कशी चालते ते दाखवणारी आज्ञा लावून पाहिल्यावर कळते की तारखेच्या रकान्यावर इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) असूनही डेटाबेस संपूर्ण टेबल वाचतो आहे, कारण अटीमध्ये त्या रकान्याभोवती एक फंक्शन गुंडाळलेले आहे आणि साधा इंडेक्स तिथे लागू पडत नाही. अट ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेच्या आधीपर्यंत’ अशी फिरवून लिहिली की काम होते. हे ज्ञान जँगो, रेल्स, स्प्रिंग यांपैकी कशातही जसेच्या तसे वापरता येते, आणि उद्या येणाऱ्या फ्रेमवर्कमध्येही येईल.

समाधानाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे, तो असा. कामातल्या समाधानावर रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात मांडलेले एक प्रारूप प्रसिद्ध आहे. कौशल्यांतील विविधता, एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणे, त्या कामाचे इतरांसाठी असलेले महत्त्व, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि कामाचा निकाल कामातूनच कळणे, हे पाच घटक त्यांनी सांगितले. प्रोग्रॅमरच्या बाबतीत यांतले शेवटचे दोन सर्वांत भारी पडतात, असे मला वाटते. केलेला बदल बरोबर की चूक हे कळायला ४० मिनिटे लागत असतील, तर भाषा कितीही मनपसंत असो, माणूस दुपारपर्यंत मरगळतो. बदल दहा सेकंदांत तपासता येत असेल, तर कंटाळवाण्या समजल्या जाणाऱ्या जावामध्येही दिवस मजेत जातो. म्हणूनच नवशिक्यांच्या याद्यांत सहसा नसलेली तीन कौशल्ये मी वरच्या क्रमांकावर ठेवतो: डिबगर (कोड टप्प्याटप्प्याने थांबवून तपासण्याचे साधन) सफाईने वापरणे, स्वयंचलित टेस्ट लिहिणे, आणि बिल्डची (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची) व्यवस्था इतकी समजून घेणे की ती मंद असेल तर आपल्याला ती वेगवान करता यावी. नोकरीच्या जाहिरातींत यांना फारशी जागा नसते. परंतु यांच्यामुळे आपल्या कामाचा वेग आपल्या हाती येतो, आणि ज्याच्या हातून काम वेळेवर आणि न मोडता होते त्यालाच निर्णयाचे स्वातंत्र्य मिळते. ते पदाच्या नावाबरोबर मिळत नाही.

यंत्राने लिहिलेल्या कोडविषयी. कोड सुचवणारे गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आणि चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आल्यापासून रोजच्या कामात खरोखर बदल झाला आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. वाक्यरचना आठवणे, फ्रेमवर्कच्या फंक्शनांची नावे शोधणे, एका साच्यातला कोड दुसऱ्या साच्यात घालणे ही कामे स्वस्त झाली. केवळ तेवढ्यावर करिअर उभारण्याचा विचार असेल तर तो सोडावा. महाग झाले आहे ते तपासणे. कोड रिव्ह्यूमध्ये हल्ली वारंवार दिसणारा एक नमुना सांगतो. पेमेंटची विनंती पाठवली, ठरावीक वेळात उत्तर आले नाही, तर तीनदा पुन्हा प्रयत्न करावा, असे नीटनेटके फंक्शन साधनाने लिहून दिलेले असते. नावे चांगली, टिपा चांगल्या, टेस्टही हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण. प्रश्न एवढाच की उत्तर आले नाही याचा अर्थ विनंती पोहोचलीच नाही असा होत नाही. ती पोहोचून पैसे कापले गेले असतील आणि फक्त परतीचे उत्तर वाटेत हरवले असेल, तर हे नीटनेटके फंक्शन ग्राहकाचे पैसे दुसऱ्यांदा कापते. प्रत्येक व्यवहाराला एक वेगळी ओळखकिल्ली देऊन, तीच किल्ली पुन्हा आल्यास समोरच्या सर्व्हरने नवा व्यवहार न करता आधीचाच निकाल परत द्यावा, अशी व्यवस्था लागते. ही त्रुटी ओळीओळीत शोधून सापडत नाही. नेटवर्क कसे वागते हे माहीत असेल तरच सापडते. शिकणाऱ्यांना माझे सांगणे असे की साधन जरूर वापरावे, पण आधी स्वतः लिहून मग त्याच्याकडून तपासून घ्यावे, आणि ज्या ओळीचे कारण आपल्याला तोंडाने सांगता येत नाही ती ओळ पुढे पाठवू नये.

ज्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर लिहायचे त्या व्यवसायाचे ज्ञान हेही एक कौशल्यच आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. १०० ही रक्कम तिघांत वाटली की प्रत्येकी ३३.३३ येतात आणि ०.०१ उरतो. तो कोणाच्या नावे टाकायचा, हा प्रश्न संगणकशास्त्राच्या पुस्तकात सुटत नाही, तो हिशेबाच्या नियमांत सुटतो. त्याआधी अर्थात रक्कम फ्लोटिंग पॉइंट या, अपूर्णांक अंदाजाने साठवणाऱ्या, प्रकारात ठेवायची नसते हे माहीत असावे लागते, कारण बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. रुग्णालय, मालवाहतूक, विमा, शिक्षण, यांपैकी ज्याची मुळात उत्सुकता आहे त्या विषयाकडे झुकणारे काम घेतले, तर हॅकमन आणि ओल्डहॅम यांचा ‘महत्त्व’ हा घटक वेगळा शोधावा लागत नाही.

पगाराबद्दल थोडक्यात: तो भाषेपेक्षा कंपनी कोणत्या धंद्यात आहे यावर अधिक ठरतो. दुर्मीळ भाषेला कधी कधी अचानक भाव येतो हे खरे. १९५९ मध्ये जन्मलेली कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांची गरज असल्याचे एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी जाहीरपणे सांगितले होते. तेवढ्यासाठी मात्र आवड नसताना कोबोल शिकू नये.

मग प्रश्नकर्त्याने प्रत्यक्षात काय करावे? पायथॉन येते, ते सोडू नये. रस्ट उत्तम भाषा आहे, पण ती ज्या अडचणी सोडवते त्या अडचणींत आपण अजून सापडलेलो नसताना तिचे कौतुक कळत नाही. पुढचे काही महिने एसक्यूएल, एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीचे नियम), गिट आणि लिनक्सची कमांड लाइन यांना द्यावेत, कारण वर सांगितलेल्या बहुतेक क्षेत्रांत यांतले काही ना काही लागतेच. दुसरी भाषा घ्यायची ती पायथॉनपेक्षा स्वभावाने वेगळी घ्यावी. मेमरी स्वतः सांभाळायला लावणारी सी, किंवा प्रकारांबाबत काटेकोर असणारी एखादी भाषा, काहीही चालेल. पायथॉननंतर लगेच रूबी शिकून दृष्टी फारशी रुंदावत नाही.

क्षेत्र निवडण्यासाठी ट्युटोरियलवर विसंबू नये. पहिल्या आठवड्यात प्रत्येक क्षेत्र आवडते, कारण ट्युटोरियल लिहिणाऱ्याने काटे आधीच काढून ठेवलेले असतात. त्याऐवजी मनात असलेल्या दोन क्षेत्रांतला प्रत्येकी एक मध्यम आकाराचा ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असा) प्रकल्प घ्यावा. त्याच्या बंद झालेल्या इश्यूंपैकी (नोंदवलेल्या तक्रारींपैकी) दुरुस्त झालेला एक बग निवडावा, मात्र दुरुस्तीचा कोड पाहू नये. गिटमध्ये त्या दुरुस्तीच्या आधीच्या कमिटवर (कोडच्या नोंदवलेल्या स्थितीवर) जावे, प्रकल्प आपल्या मशीनवर चालता करावा, तक्रारीत वर्णन केलेला बिघाड स्वतः घडवून आणावा आणि मग त्याचे कारण शोधावे. प्रकल्प चालता करण्यातच एक दिवस जाईल, तोही या परीक्षेचाच भाग समजावा. कारण सापडले किंवा अगदीच हात टेकले की मूळ दुरुस्ती उघडून आपल्या तर्काशी ताडून पाहावी. असे चार-पाच बग दोन्हीकडे करून झाल्यावर कोणत्या प्रकल्पाकडे आपण सांगितल्याशिवाय पुन्हा वळतो आहोत, हे आपले आपल्याला कळते. शिवाय या वाटेने परक्या कोडमध्ये शिरण्याची सवय होते, जी कोणताही अभ्यासक्रम सहसा लावत नाही आणि जिची पहिल्याच नोकरीत पहिल्याच दिवशी गरज पडते.

नोकरी निवडण्याची वेळ येईल तेव्हा मुलाखतीत तिथल्या भाषेपेक्षा तीन गोष्टींची चौकशी करावी: केलेला बदल ग्राहकापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, नव्या माणसाचा कोड कोण तपासते आणि तपासताना कारणे लिहून देते का, आणि रात्री काही मोडले तर फोन कोणाला जातो. शक्य झाल्यास हे मॅनेजरऐवजी ज्यांच्या शेजारी बसून काम करायचे आहे त्यांनाच विचारावे.